न्यू हॅम्पशरचं आठवं मत

अनुभवकथन साठी उलटल्यावर लिहितात, असा माझा समज होता. मला अजून तिशी लागायचीय. पण संपादकबाईंनी फोनवर ऐकूनच घेतलं नाही. "कतारमधली नोकरी, तिथलं जग, वाचकांना नवीन असतं," म्हणाल्या. तिथलं जग म्हणजे काय अपेक्षित असतं ते मला ठाऊक आहे. उंट, काचेच्या इमारती, वाळूवरचा सूर्यास्त. मी दोह्याच्या बिन महमूद भागात राहते आणि तिथेच दोन गल्ल्या सोडून नोकरी करते. आमच्या खिडकीतून सूर्यास्त दिसत नाही, समोरच्या इमारतीचे एसीचे डबे दिसतात. तेव्हा मी एका आकड्याबद्दल लिहिणार आहे. तो आकडा म्हणजे एक. एकच एक.

आधी धंदा काय तो सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

परदेशातल्या शाळांसाठी माहितीची पानं बनवणाऱ्या कंपन्या असतात. त्या जुन्या पुस्तकांचे फोटो आमच्याकडे पाठवतात. पुसट, वाकडी, वाळवीनं खाल्लेली पानं. यंत्राला ती धड वाचता येत नाहीत, म्हणून अजून तरी माणसं लागतात. एकच पान दोन माणसं वेगवेगळी टाइप करतात. एकमेकांच्या पडद्याकडे बघायचं नाही, एकमेकांना विचारायचं नाही. मग संगणक एकाचं पान दुसऱ्याच्या पानावर ठेवून बघतो. जुळलं तिथे हिरवं, नाही जुळलं तिथे लाल. लाल दिसलं की तिसरा माणूस मूळ फोटो उघडतो आणि कोण बरोबर ते ठरवतो. त्या तिसऱ्याला चेकर म्हणतात. ती मी. हिरव्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. दोन माणसं एकाच जागी नेमकी तीच चूक करणार नाहीत, या एका भरवशावर आमचा सगळा धंदा चालतो.

नियमही एकच. दिसतं ते लिहायचं. असायला हवं होतं ते नाही. मूळ पुस्तकात चूक असेल तर ती चूकही तशीच्या तशी उतरवायची. शंका आली तर 'क्वेरी शीट' नावाचा एक तक्ता असतो, त्यात इंग्रजीत लेखी विचारायचं. तोंडी नाही.

माझ्या टेबलाला दोन टाइप करणारी माणसं. एक कादिरभाई, मूळचे राजापूरकडचे. आयुष्य आखातात गेलं. आधी बंदरावर टायपिस्ट, मग एका वकिलाकडे कारकून, मग इथे. साठीला आलेले. दोह्याच्या कडेला मुऐदरमध्ये एका मोठ्या व्हिलाचे भाग पाडून खोल्या केल्यात, त्यातल्या दोन खोल्यांत ते आणि त्यांच्या बेगम राहतात, शेजारच्या भागात मुलगी, जावई, नातवंडं. दुसऱ्या शुभांगीताई. पुण्याच्या. त्यांचे मिस्टर गॅस कंपनीत इंजिनीअर. मुलं शाळेत गेल्यावर घर खायला उठतं म्हणून कामाला लागल्या. आवाज इतका बारीक की त्या 'गुड मॉर्निंग' म्हणाल्या की नाही ते ओठांवरून ओळखावं लागतं.

कादिरभाई कसे काम करतात ते सांगते, कारण पुढे तेच महत्त्वाचं आहे. एकदा आमच्याकडे कुठल्या तरी थंड देशातलं पाककृतींचं जुनं पुस्तक आलं. एका पानावर मासे दुधात शिजवायला सांगितले होते. कादिरभाईंनी हात वर उचलून धरले, जणू कळफलक तापलाय. त्यांच्याकडे मासळी आणि दूध एका ताटात येत नाही, आणि हे तर एका भांड्यात! त्यांनी क्वेरी शीटमध्ये लिहिलं, 'मासे आणि दूध, खात्री आहे का?' मी उत्तर दिलं, 'हो.' अर्ध्या तासानं दुसरी क्वेरी, 'पुन्हा पाहावे.' मी पुन्हा पाहिलं, दूधच होतं. तेव्हा ते उठून माझ्याकडे आले. "बाय, पाप माज्या बोटांना नाय ना लागायचं?" आणि मग जाऊन त्यांनी अक्षर न अक्षर टाइप केलं. दुधासकट. कादिरभाई मनानं काही बदलणाऱ्यांतले नाहीत. ते विचारतात.

शुभांगीताईंचं वेगळं. दफनभूमीच्या जुन्या नोंदी आल्या की त्यांचा वेग निम्म्यावर यायचा. वय वर्षं दोन, वय महिने चार, असं आलं की त्या थांबायच्या, डोळे पुसायच्या, मग पुढचं नाव. मी एकदा म्हटलं, "अहो ताई, दोनशे वर्षांपूर्वी गेलेलं मूल आहे ते." तर म्हणाल्या, "म्हणून काय झालं?"

आता माझ्याबद्दल. मी नाशिकची. कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिली. मेसच्या जेवणावर, फीवाढीवर, बसच्या फेऱ्यांवर, प्रभागातल्या पाण्यावर. लिहायची, छापून आणायची, चौकात उभी राहून वाटायची, आणि कोणी चुरगाळून टाकलं तर उचलून त्याच्याच हातात परत द्यायची. माझा आवाज सभेचा आहे. हळू बोलते तेव्हाही शेजारच्या खोलीत कळतं.

आणि मला एका शब्दाची चीड आहे. बिनविरोध. माझ्या मावशीनं गावात ग्रामपंचायतीचा अर्ज भरला होता. माघारीच्या शेवटच्या दिवशी सकाळपासून तिच्या ओट्यावर माणसं येऊन बसली. कोणी दमदाटी केली नाही, सगळ्यांनी चहा घेतला, सगळे गोड बोलले. गावाची एकी, गावाचं नाव, कशाला दोन गट. दुपारी मावशीनं अर्ज मागे घेतला. संध्याकाळी गुलाल. मी तिच्यासाठी लिहिलेली पत्रकं अजून तिच्या माळ्यावर आहेत, एकच गठ्ठा काय तो सुटलाय. मावशी परवा फोनवर म्हणाली, भाकरीखाली घ्यायला बरी पडतात. हसून म्हणाली, पण मला नाही हसू आलं.

तर अशी मी लग्न होऊन दोह्यात आले. इथे परक्या माणसानं मतदान करायचा प्रश्नच नाही. आणि आपल्या देशातलं मत द्यायचं तर तिकीट काढून नाशिकला जाऊन रांगेत उभं राहायचं. पत्रक कशावर लिहिणार? मग मला आमचं मंडळ सापडलं.

मंडळ म्हणजे आमच्या दोन-चार गल्ल्यांतली काही मराठी कुटुंबं. गणपती, संक्रांत, मुलांची नाटकं. अध्यक्ष वर्षानुवर्षं एकच, आणि दर वर्षी बिनविरोध. माणूस वाईट आहे का? मुळीच नाही. कोणाचं कोणी इथे वारलं तर शव घरी पाठवायची सगळी कागदपत्रं हा माणूस स्वतःची रजा टाकून करतो. पण म्हणून निवडणूकच घ्यायची नाही? मी पत्रक लिहायला घेतलं. शीर्षक होतं, 'एका मताला किंमत आहे की नाही?'

ते पत्रक मी ऑफिसच्या वेळात लिहीत होते. हे मी इथे कबूल करते.

त्याच दिवशी कादिरभाई आणि शुभांगीताईंच्या पुढ्यात अमेरिकेच्या जुन्या निवडणुकांचे तक्ते होते. तिथली रीत थोडी वेगळी आहे. राष्ट्राध्यक्षाला लोक सरळ निवडत नाहीत. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक प्रतिनिधी येतात, आणि ते प्रतिनिधी मतं देतात. एका राज्याचं एक पान. न्यू हॅम्पशर हे छोटं राज्य, त्याचे तेव्हा आठ प्रतिनिधी. गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची. त्या वर्षी गादीवर असलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या विरोधात खरं तर कोणी उभंच नव्हतं. पानाच्या डोक्यावर तसं लिहिलेलंही होतं, की ते 'जवळजवळ विरोधाविना' निवडून आले.

खाली तक्ता. पहिल्या रकान्यात राष्ट्राध्यक्षांची मतं, सात. शेवटच्या रकान्यात बेरीज, आठ. आणि मधल्या रिकाम्या रकान्यात एक बारीक उभी रेघ. शाई उडाल्यासारखी.

कादिरभाई क्वेरी शीट भरायला बसले होते. पण बॅच, म्हणजे पानांचा तो गठ्ठा, दुसऱ्या दिवशी सकाळी जायची होती, आणि मी चार पावलांवर होते. ते तिथूनच म्हणाले, "काय गो बाय, ह्यो एक हाय का डाग हाय?"

मी पत्रकाच्या तिसऱ्या परिच्छेदात होते. मान वर केली नाही.

"विरोधात कोणी होतं का?"

"वर लिवलंय, कोन नव्हता."

"मग डाग असेल, कादिरभाई. पुढे चला."

"पर बेरीज आठ हाय. सात कसे?"

"तो सात म्हणजे पुसलेला आठ असेल. आठ करा."

"करू?"

"करा हो!"

हे मी माझ्या आवाजात म्हटलं. शुभांगीताईंच्या पुढ्यातही तेच पान होतं. त्यांनीही ऐकलं. त्या खोलीत बारा माणसं होती, मल्याळी, नेपाळी, फिलिपिनो, आणि मराठी फक्त आम्हा तिघांना कळायची. इंग्रजीत लेखी विचारायचा नियम याचसाठी होता, की एकाची शंका दुसऱ्याच्या कानावर पडू नये. पण आपल्या भाषेत बोलताना आपण घरात असतो ना. घरात कोण लेखी विचारतं?

शुभांगीताईंनी आठ लिहिलं. कादिरभाईंनी आठ लिहिलं. मधला रकाना दोघांनी रिकामा ठेवला. संगणकानं पानावर पान ठेवलं आणि सगळं हिरवंगार झालं.

मी पत्रकाचं शेवटचं वाक्य लिहिलं, 'एक मत पुसलं जातं तेव्हा एक माणूस पुसला जातो.' मला ते फार आवडलं. दोनदा वाचलं.

तक्रार यायला तीन आठवडे लागले. गुरुवारी दुपारी वर्गीससरांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, मला काचेच्या खोलीत बोलावलं. न्यू हॅम्पशरमधल्या एका शाळेतल्या शिक्षकानं कंपनीला कळवलं होतं. सगळ्या देशात त्या राष्ट्राध्यक्षाच्या विरोधात एकच मत पडलं होतं, आणि ते आमच्या राज्यातल्या माणसाचं होतं. आमची मुलं ते शाळेत शिकतात. तुमच्या पानावर ते मत नाही. कुठे गेलं?

वर्गीससरांनी मूळ फोटो मोठा करून दाखवला. मोठा केल्यावर त्या रेघेला खाली पाय होता आणि वर टोक. डाग नव्हता. एक होता. आणि सात हा सातच होता, अगदी ठणठणीत.

मी तो आणखी मोठा करून बघितला, तरी एकच.

सर म्हणाले, "एक पान चुकलं तर मी निभावून नेतो. पण इथे दोन आकडे बदललेत, दोघांनी सारखेच. हे बोट घसरल्यानं होत नाही. मुशैरिबच्या मुख्य ऑफिसला कारण हवंय. रविवारी सकाळी फॉर्म भरून दे. कोणाचं काय चुकलं ते." मग म्हणाले, "कादिरचा रिन्यूअलचा कागदही रविवारीच जातोय. साठीच्या माणसाला ठेवायचं की नाही, तिकडे विचार चाललाय. वाईट वेळ आहे."

रिन्यूअल नाही म्हणजे व्हिसा नाही. व्हिसा नाही म्हणजे राजापूर. तिथे कादिरभाईंचं घर आहे, चांगलं जांभ्या दगडाचं. पण आत कोणी नाही. आई-वडील गेले, भाऊ कुवेतला, मुलगी आणि नातवंडं इथे मुऐदरमध्ये भिंतीपलीकडे. कुलूप लावलेल्या घरात म्हातारा-म्हातारी जाऊन काय करणार? दोन वर्षं अजून मिळाली तर धाकटा नातू शाळेत जायला लागेल, त्याला मी सोडायला जाईन, एवढंच ते बोलायचे. फार मोठं मागणं नव्हतं.

मी बाहेर येऊन दोघांना सांगितलं. कादिरभाईंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "माजं लिव," म्हणाले. "मी म्हातारा, डोळं गेलं म्हनून लिव. तुजं नाव खराब करू नको. तू पोर हाईस."

"काहीतरीच काय!"

शुभांगीताई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "फोटो खराब होता असं लिहिलं तर? तिघंही सुटू."

संध्याकाळी घरी सांगितलं तर नवराही तेच म्हणाला. "फोटो खराब होता, खलास. कोणाचंच नाव घेऊ नकोस. सगळ्यांचं एकमत असलं की कोणी खोलात जात नाही." आणि मला आत कुठेतरी ते पटत होतं, हे सर्वांत वाईट. ओट्यावर चहा घेत बसलेल्या त्या माणसांत मी कधी जाऊन बसले ते कळलंच नाही.

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, म्हणून शुक्रवारी दुपारी मंडळाची सभा. माझं पत्रक सगळ्यांच्या फोनवर पोचलं होतं. काहींनी अंगठा पाठवला होता, काहींनी हसरा चेहरा. कादिरभाईंनाही मी ते पाठवलं होतं. त्यांचं उत्तर आलं होतं, 'दोह्यातल्या समस्त मराठी माणसांनो, असं लिवलंयस. आमी घरात मराठीच बोलतो. आमाला तुमच्या मंडळात कदी कोनी बलावलं नाय. आमी समस्तात हाव काय?' या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं. अजूनही नीट दिलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या सभासद यादीवर ते द्यायचं आहे.

सभेत अध्यक्षांचं नाव सुचवलं गेलं. अनुमोदन झालं. "कोणी विरोधात?" असं विचारलं ते विचारायची पद्धत म्हणून, उत्तर मिळेल म्हणून नाही. मी हात वर केला. मला भाषण करायचं होतं, पाठ करून आणलं होतं. पण उभी राहिले आणि डोळ्यांपुढे ती बारीक रेघ आली, खाली पाय असलेली. फक्त एवढंच बोलले, "मी विरोधात आहे. निवडणूक घ्यावी असं माझं मत आहे."

मग अध्यक्षच हसले. मनापासून हसले, राग नव्हता. "मत नोंदवलं बरं का तुमचं. पण ताई, इतिवृत्तात सर्वानुमते लिहून टाका. एकानं काय होतंय. कागद कसा स्वच्छ दिसतो."

इतिवृत्त लिहिणाऱ्या ताई म्हणजे आमच्या शुभांगीताई. गेली कित्येक वर्षं त्याच लिहीत आल्या आहेत, आणि दर वर्षी तेच वाक्य. त्यांनी पेन उचललं, वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा हात अजून वरच होता, खाली घ्यायचं विसरले होते.

"हात दिसतोय मला," त्या म्हणाल्या. त्यांच्या त्याच बारीक आवाजात. पण ओळीनं सगळ्यांना ऐकू गेलं. "दिसतंय ते लिहावं लागतं." आणि लिहिलं, 'एक विरोधात.'

मला आनंद व्हायला हवा होता. मावशीपासूनचा सगळा राग निघायला हवा होता. पण मी खाली बसले ती शरमेनं. माझं एक मत त्या बाईनं जपलं होतं, आणि मी तिच्याच हातून दुसऱ्या कोणाचं तरी पुसून घेतलं होतं.

शनिवारी मी फॉर्म लिहायला बसले. तीन पानं झाली. पुस्तकांचे फोटो किती वाईट येतात, बॅचची घाई किती असते, एका चेकरवर किती पानं लादतात, क्वेरी शीट इंग्रजीतच का. सगळं खरं होतं. मध्ये न्यू हॅम्पशरबद्दल वाचत होते, त्याचाही एक परिच्छेद झाला. त्या माणसानं तसं मत का दिलं याची एक गोड कथा सांगतात. पहिल्या राष्ट्राध्यक्षाला सगळ्यांनी एकमतानं निवडलं होतं, तो मान दुसऱ्या कोणाला मिळू नये म्हणून म्हणे त्यानं मुद्दाम एक मत फिरवलं. अभ्यासक म्हणतात, तसं काही नव्हतं. त्याला तो राष्ट्राध्यक्ष पसंत नव्हता, कारभार बरा वाटत नव्हता, म्हणून दिलं. बास. बघा, विरोध पुसता आला नाही तर त्याला भक्तीचा मुलामा देतात! हे मी तीन उद्गारचिन्हं देऊन लिहिलं.

रविवारी सकाळी वर्गीससरांनी तिन्ही पानं वाचली. शांतपणे वाचली. मग म्हणाले, "छान लिहितेस. पण हे पत्रक आहे. मला फॉर्म हवाय. 'चूक कोणाची' या चौकटीत एक ओळ बसते."

ती चौकट पेनाच्या टोपणाएवढी होती. मी त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले. दहा वर्षं पत्रकं लिहिली, पण पत्रकात चूक नेहमी दुसऱ्याची असते. सरकारची, कुलगुरूंची, नगरपालिकेची. स्वतःच्या चुकीचं वाक्य कसं सुरू करतात ते मला येतच नव्हतं. लिहिलं आणि खोडलं. 'घाईमुळे' लिहिलं, ते खोडलं. 'अनवधानानं' लिहिलं, तेही खोडलं, कारण अवधान होतं, ते पत्रकावर होतं. शेवटी लिहिलं, 'टाइप करणाऱ्यानं विचारलं होतं. मी मूळ पान न बघता डाग म्हणून सांगितलं आणि दुसरा आकडाही बदलायला लावला.'

आणि खाली सही.

मी दार उघडलं तर बाहेर कादिरभाई. काचेतून सगळं बघत होते. आत येऊन त्यांनी फॉर्म उचलला, चष्मा वर करून वाचला, आणि माझ्यावरच भडकले.

"मना इचारलंस काय? माजं काय ते मी सांगंन. मी इचारलं, पर लेखी इचारलं नाय. नियम मना ठाव होता. मासळीला लेखी इचारलं नि मानसाच्या मताला तोंडी!" आणि त्यांनी माझ्या ओळीखाली, चौकटीच्या बाहेर, आपल्या गोल अक्षरात आपली ओळ लिहिली. तोवर शुभांगीताईही आल्या होत्या. त्यांनी पेन मागून घेतलं. 'मी दुसऱ्यांचं बोलणं ऐकून लिहिलं. ऐकायला नको होतं.'

वर्गीससरांनी तिन्ही ओळी वाचल्या. "मला नेहमी असे फॉर्म मिळतात की चूक कोणीच केलेली नसते," ते म्हणाले. "तिघांनी केलेली पहिल्यांदाच बघतोय. आणि तिघांचं म्हणणं वेगळं." मग त्यांनी कादिरभाईंचा रिन्यूअलचा कागद आमच्या फॉर्मला टाचणीनं जोडला. मी म्हटलं, "सर, ते वेगळं ठेवा ना." ते म्हणाले, "नाही. हा माणूस विचारतो, हे तिकडे कळू दे."

उत्तर यायला दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत मी एकही पत्रक लिहिलं नाही.

कादिरभाईंना दोन मिळाली नाहीत, एक वर्ष मिळालं. धाकटा नातू या वर्षी शाळेत जायला लागला नाही, पुढच्या वर्षी जाईल, तोवर पुन्हा कागद, पुन्हा वाट बघणं. हे मला अजून टोचतं. त्या फॉर्ममध्ये तिसरी ओळ नसती, दुसरी नसती, नुसती माझीच असती, तर कदाचित दोन मिळाली असती. कदाचित एकही नसतं मिळालं. माहीत नाही. कादिरभाईंना विचारलं तर म्हणतात, "येक काय कमी हाय?" आणि हसतात.

मला चेकरच्या खुर्चीवरून उठवलं. योग्यच केलं. आता मी टाइप करते आणि माझ्या जागेवर कादिरभाई बसतात. ते हिरवी पानंही उघडून बघतात. त्यामुळे बॅच उशिरा जाते, वर्गीससर चिडतात, ते म्हणतात, "इन्शाल्ला, जाईल," आणि पुढचं हिरवं पान उघडतात. न्यू हॅम्पशरचं पान मला पुन्हा टाइप करायला दिलं होतं. पहिल्या रकान्यात सात. मधल्यात एक. दोन बोटांचं काम, पण मी मूळ फोटो तीनदा उघडून बघितला.

माझी खोड मात्र जात नाही. अजूनही मी चार टेबलांवरून मराठीत ओरडून विचारते, "कादिरभाई, हा शून्य आहे की टिंब?"

ते मान वर करत नाहीत. "मना काय इचारतेस? पान कुठं हाय?"

मी उठते. जाऊन बघते.